माल सदोष: कडू नाही

आमच्या गॅलरीतलं रबराचं झाड माना टाकायला लागलं, तेव्हा मी पहिला संशय शेजारच्या विमेवाल्यांवर घेतला. त्यांची आणि आमची गॅलरी एकच, मध्ये फक्त एक पत्रा. पत्र्यावरून हात घालून ते आमच्या कुंडीत चहाचा चोथा टाकतात आणि विचारलं तर "खत आहे हो" म्हणतात. पण या वेळी ते निर्दोष निघाले. मंगळवारी सकाळी दात घासत गॅलरीत गेलो, तर माझे वडील, वय वर्षं एक्क्याऐंशी, कुंडीवर वाकून झाडाला चमच्यानं औषध पाजत होते.

"अप्पा, हे काय चाललंय?"

"झाडाची तब्येत बरी दिसत नाही," अप्पा म्हणाले आणि चमचा शांतपणे सदऱ्याला पुसला.

हिशेब सरळ होता. नऊ दिवसांचं औषध झाडाच्या पोटात गेलं होतं आणि अप्पांच्या रक्तातला जो आकडा उतरायला हवा होता, तो चढला होता. डॉक्टर फार बोलणारे नाहीत. त्यांनी कागद पाहिला, अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू झाडाला मीच पाजत होतो. "तीन आठवडे. दिवसातून तीनदा, दोन-दोन चमचे. आकडा उतरला नाही तर दाखल करून घ्यावं लागेल."

हे 'दाखल' प्रकरण आमच्याकडे नाजूक आहे. मागच्या खेपेला दवाखान्यात अप्पांचा चष्मा, घड्याळ आणि कवळी एका पिशवीत घालून पिशवीवर नंबर टाकला होता, आणि तोच नंबर अप्पांच्या मनगटाला बांधला होता. वर मागून उघडा असलेला एक झगा. अप्पांनी छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या रेकॉर्ड विभागात काढली. नंबर टाकणं हे त्यांचं काम. स्वतःवर नंबर टाकून घेणं त्यांना जन्मात सोसणारं नव्हतं. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "परत तिथं नेलंस तर मी काही परत यायचा नाही." चिडून म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. पण त्यांनी ते साध्या आवाजात सांगितलं, दूध आणायचंय असं सांगावं तसं.

बरं, औषध का घेत नाही, तर म्हणे कडू आहे.

आता इथं माझा स्वभाव आडवा आला. मी बाटली उघडली, अप्पांच्या समोर चमचाभर औषध तोंडात घातलं, घोळवलं आणि गिळलं. "यात काय कडू आहे? पाण्यासारखं तर आहे. उगाच लहान मुलासारखं करू नका."

"तुझं वेगळं आहे," अप्पा म्हणाले. "तू लहानपणापासूनच तसला."

म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी शाळेत कधी पहिला आलो नाही, खेळात कधी संघात नव्हतो, आणि माझ्या हातून बक्षीस मिळण्यासारखं काहीही घडलेलं नाही. पण सात वर्षांचा असताना मला ताप आला होता आणि डॉक्टरांनी एक तपकिरी औषध दिलं होतं. त्याच तापात माझ्या चुलत भावाला पाजायला दोघांनी पाय धरायचे आणि एकानं नाक. मी मात्र माझा घोट एका दमात प्यायलो आणि, अप्पांच्या शब्दांत, "चेहऱ्यावर रेघ नाही." ही गोष्ट अप्पांनी माझ्या मास्तरांना सांगितली, मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांना सांगितली, आणि लग्नात बॅण्डवाल्यांनाही सांगितली. सुरुवातीला घोट होता, माझ्या मुंजीपर्यंत अर्धी बाटली झाला आणि लग्नापर्यंत पूर्ण बाटली. मी कधी खोडून काढलं नाही. आयुष्यात एकच पराक्रम नावावर असला की माणूस त्याच्या मापाबद्दल वाद घालत नाही.

तर अशा शूर माणसाचा बाप चमचाभर औषधाला घाबरतो, याची मला लाज वाटत होती. मी ती बोलूनही दाखवली. एकदा नाही, रोज तीनदा, दर वेळी थेंबभर पिऊन दाखवत.

भिंती पातळ असल्यामुळे विमेवाल्यांना आमचं सगळं कळतं. दुसऱ्या दिवशी ते बोलावल्यासारखे आले आणि अप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसले. "माणसाला गोडीगुलाबीनं पटवावं लागतं. नाक दाबायचं. नाक दाबलं की चव जाते." त्यांनी स्वतः नाक दाबलं, म्हणजे अप्पांचं, आणि मी चमचा आत सारला. अप्पांना शिंक आली. विमेवाल्यांचा सदरा पांढरा होता. त्यावरचा तो डाग अजून निघालेला नाही, असं ते मला जिन्यात दर वेळी सांगतात.

मग विमेवाल्यांच्या बायकोनं सुचवलं की जॅममधून द्या. जॅममध्ये कालवलेलं औषध जॅममधून वेगळं काढणं शास्त्राला जमलं नसेल, पण अप्पांना जमलं. जॅम पोटात आणि औषध बशीत. मग बर्फ चोखून जीभ बधिर करायची ठरली, त्यात कवळीखालच्या हिरड्या कळा मारायला लागल्या. शेवटी त्याच बाई म्हणाल्या, चहात घाला, कळणार पण नाही. अप्पांना कळलं. त्या दिवसापासून अप्पा आमच्या घरातल्या चहाकडे संशयानं बघायला लागले, आणि दोन दिवसांत त्यांनी चहाच सोडला. म्हणजे औषध जात नव्हतं ते नव्हतंच, वर चहाही बंद. हो-नाही करत दिवसाकाठी एखादा चमचा पोटात जायचा, तोही माझी कटकट थांबावी म्हणून.

"तुम्ही त्यांच्या मागे लागू नका," बायको म्हणाली. "त्यांना खरंच कडू लागत असेल."

"मी स्वतः पिऊन बघितलंय," मी म्हणालो. यावर तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि भाजी चिरायला घेतली. त्या बघण्याचा अर्थ मला पुढे कळणार होता.

आता माझ्या नोकरीकडे वळू. मी एका प्रयोगशाळेत भांडारपाल आहे. शास्त्रज्ञांना वाटतं की प्रयोगशाळा ते चालवतात. चालवोत बापडे. पण माझ्या सहीशिवाय त्या इमारतीत हातमोज्याची जोडी हलत नाही. मागणीपत्र तीन प्रतींत हवं, विभागप्रमुखाची सही हवी, सहीखाली तारीख हवी. नसेल तर कागद परत. आणि आलेला माल मी स्वतः तपासतो. कात्रीनं कापून बघतो, तराजूवर ठेवतो, बाटलीला बूच बसतं का ते बघतो. 'तपासले' असा शिक्का पुष्कळ जण मारतात, मी तपासून मारतो. वीस वर्षांत माझ्या हातून सदोष माल आत गेलेला नाही, याचा मला अभिमान होता. 'होता' हे लक्षात ठेवा.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक शास्त्रज्ञ बाई आहेत. सगळी इमारत त्यांना कडूबाई म्हणते, आणि ते त्यांना माहीत आहे. माणसाच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या त्यांनी काचेच्या बशीत वाढवल्या आहेत. बशीला बारीक बारीक खळगे, प्रत्येक खळग्यात पेशी. वरून एखादा कडू पदार्थ घातला की पेशी उजळतात आणि यंत्र तो उजेड मोजतं. मग त्याच्या जोडीला दुसरा पदार्थ घालून बघायचं. उजेड मंदावला तर समजायचं, या दुसऱ्या पदार्थानं कडूपणा अडवला. थोडक्यात, कडू औषध कडू लागू नये यासाठी बाईंची अकरा वर्षं चालली होती, आणि मी त्यातली चार त्यांच्या मागणीपत्रांवरच्या राहिलेल्या तारखांसाठी खाल्ली होती.

त्यांच्याकडेच मला जावं लागलं. मी दारात उभा राहून सगळं सांगितलं. अप्पा, झाड, दवाखाना, सगळं.

बाईंनी ऐकून घेतलं. "बघू की आपण. आमच्याकडे शेकडो अडवणारे पदार्थ आहेत, एखादा लागू पडेल. अर्ज करा." मग जरा थांबून म्हणाल्या, "तीन प्रतींत. सहीखाली तारीख घालायला विसरू नका."

मी निमूटपणे अर्ज घेतला. घाईत 'नमुन्याचा मूळ स्रोत' या रकान्यात मी अप्पांचं नाव लिहिलं, कारण बाटली त्यांची. त्यामुळे अर्ज गेला नीतिमत्ता समितीकडे, कारण माणसाच्या शरीरातला नमुना असला की तिथं जातो. समितीत एक वकील होते. त्यांनी मला उभं ठेवून विचारलं, "हा द्रव वडिलांच्या शरीरातून कुठून काढला?"

"बाटलीतून," मी म्हणालो.

"आणि बाटलीत कुठून आला?"

"औषधाच्या दुकानातून."

वकिलांनी हे सगळं लिहून घेतलं आणि दुकानदाराचं संमतिपत्र मागितलं. माझ्याच हातून वीस वर्षं लोकांनी जे भोगलं, ते मी एका सकाळीत भोगलं. घरी येऊन हे सांगितलं, तर अप्पा कित्येक दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसले. "आण इकडे तो कागद." त्यांनी वळणदार अक्षरात नवा अर्ज लिहिला, जोडपत्र एक ते सहा लावली, अनुक्रमणिका केली आणि फायलीला दोरी बांधली. समितीनं फाईल पाहिली आणि त्याच दिवशी मंजूर केली. वकिलांनी विचारलं म्हणे, की हे गृहस्थ सल्ला द्यायला येतील का. पण या सगळ्यात तीन आठवड्यांतले आठ दिवस गेले होते, आणि बाटली अजून अर्ध्याच्या वर भरलेली होती.

नवव्या दिवशी कडूबाईंनी मला पडद्यासमोर बसवलं. पाणी घातलेला खळगा काळा. औषध घातलेला खळगा असा पेटला होता की बाजूचे दोन खळगे त्याच्या उजेडात दिसत होते.

"याला कडू म्हणतात," बाई म्हणाल्या. "इतकं पेटलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलंय."

"पेशी बिघडल्या असतील," मी म्हणालो. "मी रोज पितो ते. पाण्यासारखं आहे."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नेमकं तसंच, बायकोनं भाजी चिरताना बघितलं होतं तसं. त्यांनी एकामागून एक अडवणारे पदार्थ घालून बघितले. पुढचे दोन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन बसायचो. एकेचाळीस नंबरच्या पदार्थाला खळगा विझला. विझला म्हणजे अगदी पाण्याच्या शेजारी जाऊन बसला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"आता हे माणसांना चाखायला देऊन बघायचं," बाई म्हणाल्या. "पेशींचं मत कळलं, तोंडाचं कळायला हवं. चाखणारे निवडायला मला कडू पट्ट्या लागतात. कागदाच्या पट्ट्या असतात, जिभेवर ठेवायच्या. ज्याला कडू नीट कळतं तोच चाखणारा. आणि त्या पट्ट्या दोन महिने तुमच्या भांडारात अडकल्यात."

"अडकल्या नाहीत," मी म्हणालो. मला जरा बरं वाटलं, कारण हा माझा प्रांत. "परत पाठवल्यात. तीनदा. माल सदोष होता."

"काय दोष होता?"

"कडू नव्हत्या."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही चाखल्या?"

"प्रत्येक खोक्यातली एक. मी माल तपासल्याशिवाय घेत नाही, तुम्हाला माहितीय."

बाईंनी चष्मा बराच वेळ पुसला आणि म्हणाल्या, "उद्या अकरा वाजता संचालकांच्या खोलीत या. पट्टीवाल्यांचा माणूस तक्रार घेऊन येणार आहे."

मी दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलो. बरोबर माझे तिन्ही शेरे होते: 'माल सदोष: कडू नाही', खाली सही, सहीखाली तारीख. खोलीत संचालक, त्यांच्या सचिव बाई, कडूबाई आणि पट्टी कंपनीचा टाय लावलेला माणूस. त्याचा चेहरा उतरलेला होता. माझ्या तीन शेऱ्यांवरून म्हणे त्यांच्या कारखान्यात चौकशी बसली होती, आणि चव तपासणाऱ्या एका जुन्या माणसाला पुठ्ठे मोजायला बसवलं होतं. टायवाल्यानं नवं पाकीट फोडलं आणि प्रत्येकाच्या हातात एक-एक पट्टी दिली.

संचालक मोठ्या ऐटीत पट्टी जिभेवर ठेवून म्हणाले, "बघू या तर." आणि पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही. त्यांनी टेबलावरचा तांब्या उचलला आणि पेला न शोधता तोंडाला लावला. सचिव बाईंनी पट्टी फुलदाणीत टाकली आणि रुमाल तोंडात कोंबला. कडूबाईंनी सवयीनं पट्टी लगेच काढली, तरी त्यांचा एक डोळा मिटला होता. टायवाला स्वतःच्याच मालानं खोकत होता.

मी पट्टी चघळत होतो. "बघा," मी म्हणालो, "हीसुद्धा सदोष आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, मुद्दा पटला. मग मी त्यांचे चेहरे नीट पाहिले.

"आणखी एक द्या," मी म्हणालो. त्यानं दिली. मग मी आणखी एक मागितली. सात पट्ट्या मी त्या खोलीत खाल्ल्या. पाचवीला मी डोळे मिटून मन एकाग्र केलं. काही नाही. कागद लागत होता, चांगल्या प्रतीचा.

टायवाला माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, बारा वर्षं मी हा माल विकतोय. तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही." त्याच्या आवाजात आदर होता, आणि तोच मला जास्त लागला.

कडूबाईंनी मला जिन्यात गाठून समजावलं. जिभेवर कडू ओळखणारी पंचवीसेक तऱ्हेची कुलुपं असतात. कडू पदार्थ ही किल्ली. किल्ली लागली की माणसाला कडू कळतं. काही माणसांच्या जिभेवर यातली एक-दोन कुलुपं जन्मापासून चालतच नाहीत. "आजार नाही हा. पुष्कळ लोकांचं असतं, कळत नाही इतकंच. पट्टीतला कडूपणा आणि तुमच्या वडिलांच्या औषधातला, दोन्ही नेमके तुमच्या बंद कुलपांतले."

"म्हणजे अप्पा खरं बोलत होते."

"तुमच्या जागी मी असते ना, तर पहिल्या चमच्याला बाटली फेकून दिली असती," बाई म्हणाल्या.

मी जिन्यातच बसलो. दहा-बारा दिवस, रोज तीनदा, मी त्या म्हाताऱ्या माणसाला खोटारडा ठरवत होतो. तेही स्वतः पिऊन दाखवत. मला माझीच कीव आली नाही, राग आला. मग एकदम एकेचाळीस नंबर आठवला. "बाई, तो पदार्थ कधी घालता येईल बाटलीत? आठ-नऊ दिवस उरलेत फक्त."

बाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. पुढचं त्यांनी आधी सांगितलं असेल, तरी माझ्या कानात शिरलं नव्हतं. आधी चाखणारे, मग सुरक्षिततेच्या चाचण्या, मग परवानग्या. "सगळं सुरळीत झालं तर सात-आठ वर्षं. तोपर्यंत कोणाच्या बाटलीत एक थेंबही घालू देणार नाही मी. तुमच्या वडिलांच्या तर नाहीच."

अप्पा एक्क्याऐंशी आणि आठ म्हणजे किती, एवढं गणित मला येतं.

मग रेकॉर्ड विभागाच्या माणसाचा मुलगा म्हणून मला जे सुचायचं तेच सुचलं. "बाई, मला एक कागद द्याल? औषध कडू आहे, असं लिहिलेला. शिक्क्यासकट."

त्यांनी विचारलं नाही कशाला. वर जाऊन दोन कागद छापून आणले. "हा औषधाचा. आणि हा तुमचा, तुम्हाला कडू कळत नाही असा. भांडारात लावा, म्हणजे पुढच्या मालावर अन्याय व्हायचा नाही."

घरी आलो तेव्हा बायको काकडी चिरत होती. मी तिला सगळं सांगितलं, पट्ट्या, कुलुपं, सगळं. तिनं सुरी थांबवली नाही. "मला माहितीय ते."

"काय माहितीय?"

"तुम्हाला कडू कळत नाही हे. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हापासून. एकदा काकडी कडू निघाली, माझ्या तोंडाचं वाटोळं झालं, आणि तुम्ही अख्खी खाल्लीत, वर म्हणालात छान आहे. तेव्हापासून कडू निघाली की तुमच्या ताटात."

"तेवीस वर्षं?"

"टाकवत नाही हो मला," ती म्हणाली. "आणि तुम्ही कधी नाव ठेवत नाही, म्हणून माहेरी किती कौतुक आहे तुमचं."

माझ्या ताटात त्या दिवशीही काकडी होती. मी ती काही न विचारता खाल्ली. मग तोंड धुऊन अप्पांच्या खोलीत गेलो. अप्पा खिडकीशी बसले होते, बाटली कपाटावर, आणि ते बाटलीकडे पाठ करून बसले होते.

"अप्पा," मी म्हणालो, "औषध कडू आहे. फार कडू आहे. माझंच चुकलं. मी तुम्हाला नको नको ते बोललो."

अप्पांनी मान वळवली. "लेखी आहे?"

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचलं: सदर औषधाची मानवी चवपेशींवर चाचणी केली असता ते अत्यंत कडू असल्याचे आढळले. शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. "अत्यंत," ते म्हणाले. "अत्यंत लिहिलंय त्यांनी."

"हो."

"मग तू कसा पीत होतास?"

दुसरा कागद मी खिशातच ठेवायचा असं ठरवून आलो होतो. तो दाखवला तर काय जाणार, हे मला माहीत होतं. बेचाळीस वर्षं या माणसानं माझं जे एकमेव कौतुक केलं, ते त्या कागदात बुडणार होतं. पण अप्पांना इतके दिवस खोटं ठरवल्यावर आता खोटं बोलायला तोंड उघडेना. मी कागद काढून दिला.

अप्पांनी तो एकदाच वाचला.

"म्हणजे तेव्हाही," ते म्हणाले. "सात वर्षांचा होतास तेव्हाही."

"हो अप्पा. मला काही लागलंच नव्हतं. पाणी प्यालो होतो मी."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मी एकोणपन्नास वर्षांचा माणूस, वीस वर्षांच्या नोकरीचा, आणि मला त्या खोलीत सात वर्षांच्या पोरासारखं रडू येत होतं. शेवटी अप्पांनी हात पुढे केला. "आण ती बाटली."

दोन चमचे त्यांनी स्वतः मोजून घेतले. पहिल्याला त्यांचे डोळे मिटले, दुसऱ्याला सगळा चेहरा मध्यभागी गोळा झाला आणि कवळी सुटते की काय असं वाटलं. बायको साखर घेऊन धावली. अप्पांनी तिला हातानंच थांबवलं, श्वास घेतला आणि म्हणाले, "कडू आहे."

"हो अप्पा," आम्ही दोघंही म्हणालो. "फार कडू आहे."

त्यांना इतके दिवस एवढंच हवं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे दिवसातून तीनदा तो कार्यक्रम व्हायला लागला. अप्पा प्यायचे, तोंड वेडंवाकडं करायचे, "कडू आहे" म्हणायचे, आणि आम्ही "हो अप्पा, फार कडू" म्हणायचं. तिसऱ्या दिवसापासून पत्र्यापलीकडून विमेवालेही म्हणायला लागले. चौथ्या दिवशी अप्पांनी चहा मागितला. झाडाला नवं पान आलं, त्याचं श्रेय विमेवाल्यांनी चोथ्याला दिलं. मी टायवाल्याच्या कंपनीला माफीचं पत्र लिहिलं, आणि त्यांचा तो जुना माणूस पुन्हा चव तपासायला बसला, असं उत्तर आलं.

बाविसाव्या दिवशी आम्ही डॉक्टरांच्या समोर बसलो. त्यांनी रक्ताचा कागद पाहिला, मग परत पाहिला. आकडा उतरला होता. सगळा नाही, पण दाखल करण्याची वेळ टळली होती. "छान," ते म्हणाले, आणि त्यांच्या मानानं ते भाषण होतं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे औषध भयंकर कडू आहे, आजोबा. तरणे लोक मध्येच सोडून देतात. तुम्ही कसं घेतलंत?"

अप्पा खुर्चीत ताठ बसले. मी जमिनीकडे बघायला लागलो. अप्पांच्या मांडीवरच्या फायलीत सगळ्यात खाली, दोरीनं बांधलेला, माझा कागद होता, आणि त्यावर अप्पांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात 'गोपनीय' लिहिलेलं मी सकाळीच पाहिलं होतं.

"आमच्या घराण्यातच आहे ते," अप्पा म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा सात वर्षांचा होता, डॉक्टर. ताप आला होता. याच्या चुलत भावाला पाजायला तिघं लागायची. यानं मात्र एका दमात संपवलं, चेहऱ्यावर रेघ नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "पूर्ण बाटली?"

"दोन," अप्पा म्हणाले.